रिमोट बदलला म्हणजे पिढी बदलते?

पिढी हा शब्द आपण बायका जरा सावकाशीनंच वापरतो. सासूबाईंची पिढी, आपली पिढी आणि आता मुलींची पिढी. एक पिढी सरायला पंचवीस-तीस वर्षं लागतात. तेवढ्या अवधीत चुलीच्या जागी गॅस येतो, जातं परसात जाऊन पडतं आणि सुनेच्या हाती घराच्या किल्ल्या येतात.

व्हिडिओ गेमच्या दुनियेत मात्र सहा-सात वर्षांत नवी पिढी जन्माला येते. म्हणजे कंपन्या तसं म्हणतात! टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र बदललं की ते लगेच 'नेक्स्ट जनरेशन'. पूर्वी हा बदल डोळ्यांना दिसायचा, कारण दर वेळी चित्र अधिक सुबक व्हायचं. आता चित्रं इतकी सुबक झाली आहेत की जुन्या-नव्यातला फरक शोधायला भिंग घ्यावं लागेल. म्हणून नवेपणा हातात आणून ठेवला आहे, रिमोटमध्ये. मुलं त्याला कंट्रोलर म्हणतात. आमच्या घरी टीव्हीचा, पंख्याचा आणि खेळाचा, सगळे रिमोटच.

हसू नका हं मैत्रिणींनो. मला तरी या विषयात कशाला डोकं घालावं लागलं असतं? पण हा प्रश्न आमच्या घरी पन्नास हजार रुपयांचा होऊन बसला. आणि मध्यमवर्गीय घरात पन्नास हजारांचा कुठलाही प्रश्न शेवटी गृहिणीच्याच पदरात पडतो.

झालं असं. आम्ही राहतो वाशिमला. यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या विहिरींवरचे पंप जळाले की लोक इथे घेऊन येतात. मी बी.ए. झालेली, शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. लेक आठवीत, मुलगा पाचवीत. माझा धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला आहे. २०२४ च्या भाऊबीजेला तो चार दिवस आला, तो फराळाच्या डब्याबरोबर बॅगेत आपलं प्लेस्टेशन ५ घेऊनच. भाचरांना गंमत दाखवायची म्हणून!

चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "ताई, माझं जुनं प्लेस्टेशन ४ माळ्यावर धूळ खातंय. दोन रिमोट आहेत त्याचे. पाठवून देऊ?" मुलांचे चेहरे उतरले. लेक म्हणाली, "मामा, त्याच्या रिमोटला तसं हाताला कळत नाही ना?" मुलगा म्हणाला, "ते जुन्या पिढीचं आहे." आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, कारण त्याच महिन्यात माझी भिशी लागली होती. आम्ही दहा जणी दरमहा पाच-पाच हजार घालतो. ते पन्नास हजार इन्व्हर्टरसाठी ठरले होते.

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला विक्रीला आलं, तेव्हा डिस्कवाल्या यंत्राची किंमत होती ४९,९९० रुपये. वेगळा रिमोट घ्यायचा तर ५,९९०. पुढे यंत्राची किंमत वाढली. म्हणजे भिशी सगळी जाऊन वर आणखी भर! मुलांना एकदम 'नाही' म्हणणं सोपं होतं. पण लेकीचा प्रश्न मला खोटा वाटला नाही. ती म्हणत होती, की यात काहीतरी खरंच वेगळं आहे. मग ते काय आहे ते पाहूनच ठरवावं, असं मी मनाशी घेतलं. मिक्सर घेताना आपण दुकानात झाकण उघडून, पातं फिरवून, आवाज ऐकून पाहतोच ना?

आधी हा रिमोट आहे तरी काय ते सांगते. सोनी कंपनीनं तो २०२० मध्ये या यंत्राबरोबर आणला, नाव ड्युअलसेन्स. त्यात दोन गोष्टी नव्या म्हणून मिरवल्या जातात. एक, त्याची थरथर. आधीच्या रिमोटातही थरथर होतीच, पण ती सगळीकडे सारखी. इथे पडद्यावरचा छोटा बाहुला वाळूवरून चालला तर तळहाताला खरखर लागते, पत्र्यावरून चालला तर टकटक, आणि पाऊस आला तर थेंब थेंब पडल्यासारखं वाटतं. दुसरी गोष्ट म्हणजे बोटांखालचे दोन चाप. एरवी चाप दाबला की दाबला. यात तो मध्येच जड होतो. धनुष्य ओढताना ताण लागतो आणि बाण सुटला की एकदम सैल!

भावानं मोबाइलवर हा रिमोट खोलतानाचा व्हिडिओ लावला, तेव्हा आमचे हे चहा विसरून पाहत बसले. यांचा जन्म मोटारी उघडण्यात गेलेला. मला म्हणाले, "जुन्या रिमोटात बारक्या मोटारी असतात आणि त्यांच्या दांड्यावर एकाच बाजूला वजन बसवलेलं असतं. मिक्सरचं भांडं वाकडं बसलं की ओटा कसा हादरतो? तसंच ते. वजन फिरायला लागायला वेळ, थांबायला वेळ. म्हणून ते नुसतंच घुर्रर्र करतं. नव्यात ते वजनच नाही. स्पीकरमध्ये चुंबकाजवळ कॉइल पुढे-मागे होते, तशी ती इथे होते. म्हणून बारीक, मोठं, हळू, जोरात, पाहिजे तसं हलवता येतं." आणि चापामागे एक चिमुकली मोटर असते, तिच्या पेचासारख्या आट्यांनी दातेरी चाक फिरतं आणि ते चापाला आतून अडवतं. जादूबिदू काही नाही. यांच्या दुकानातलाच मामला, फक्त सुपारीएवढा.

सासूबाई दिवाणावर बसून हे सगळं ऐकत होत्या. त्यांचं माहेर रिसोड तालुक्यातलं, त्या अजून तिकडचीच बोली बोलतात. नातवानं त्यांच्या हातात रिमोट दिला. थोडा वेळ धरून म्हणाल्या, "अवं, हे तं जात्यावानी घरघरते! पन जातं पीठ तं देते." आम्ही हसलो. पण पुढे त्या जे म्हणाल्या ते मला फार पटलं. "जात्यात दाना सरला का खुंटा हल्का लागते. पाहा लागत नाही. हाताले समजते, मंग मूठ टाकाची."

पाहिलंत? कंपनीनं जे पन्नास हजारांच्या यंत्रात घातलं, ते सासूबाईंच्या हाताला लहानपणापासून ठाऊक होतं. कणीक सैल झाली की घट्ट हे आपण डोळ्यांनी ठरवतो का? शिवणयंत्राचा दोरा जास्त ताणला गेला तर आवाजाच्या आधी बोटाला कळतं. हे चालू मोटारीवर नुसता तळहात ठेवतात आणि बेअरिंग गेलंय की नाही ते सांगतात. काम करणारा हात सतत काहीतरी ऐकत असतो. खेळाच्या यंत्रांनी इतकी वर्षं डोळ्यांना नि कानांना मेजवानी दिली आणि हाताला नुसतं बटण दाबायला ठेवलं. त्या दृष्टीनं पाहिलं तर हा रिमोट नवा खराच.

पण मग 'नवी पिढी'? इथे मला माझ्यातल्या शिक्षिकेनं स्वस्थ बसू दिलं नाही. भावाला विचारून आणि मोबाइलवर वाचून मी थोडी उजळणी केली, आणि मोठी गंमत हाती लागली.

रिमोटात नवं काहीतरी घालून पिढी बदलली म्हणणं काही आजचं नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं. त्याच्या दुसऱ्या रिमोटात बोलायला चक्क माइक होता! पण त्याचा उपयोग करणारे खेळ अगदी मोजके निघाले आणि तो माइक विस्मरणात गेला. सोनीनं १९९७ मध्ये थरथरणारा रिमोट आणला, तो लोकांना फार आवडला. मग २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आलं, आणि त्याच्या रिमोटातून थरथर गायब! पेटंटवरून दुसऱ्या एका कंपनीशी कोर्टकज्जा चालू होता. तेव्हा सोनीच्या अधिकाऱ्यांचं सांगणं असं, की थरथर ही मागच्या पिढीची गोष्ट, रिमोट हलवून खेळणं ही पुढच्या पिढीची. २००७ मध्ये तंटा मिटला आणि त्याच वर्षाच्या अखेरीला थरथर परत आली! आणि २०२० मध्ये तीच थरथर, सुधारून का होईना, पुन्हा नव्या पिढीची खूण झाली.

म्हणजे बघा, गोष्ट एकच. अडचण होती तेव्हा ती जुनाट, सोय झाली तेव्हा ती नवी. आपल्याकडे साड्यांच्या काठांचं असंच होतं. रुंद काठ कधी 'आजीबाईचे' होतात, तर कधी 'लेटेस्ट'. पिढी कुठली हे दुकानदार ठरवणार असेल, तर आपण पाकिटावरचा शब्द वाचून पैसे मोजू नयेत हे बरं.

उलट बाजूही सांगायला हवी. २००६ मध्येच निन्टेन्डोनं वी नावाचं यंत्र आणलं. त्याचं चित्र इतरांपेक्षा साधं होतं, पण रिमोट हातात धरून खराखुरा हात फिरवला की पडद्यावर टेनिसची बॅट फिरायची. ज्यांनी जन्मात खेळाचं बटण दाबलं नव्हतं अशा आज्या-आजोबांनीही ते खेळून पाहिलं. दहा कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली. तिथे पिढी रिमोटनंच बदलली म्हणायला हरकत नाही. पण त्याच कंपनीनं २०१२ मध्ये रिमोटातच पडदा बसवून पुढचं यंत्र काढलं, तर ते दीड कोटीही खपलं नाही. म्हणजे नुसतं नवं घातलं म्हणून भागत नाही. आणि २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ बरोबरच आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सनं रिमोट जवळपास पूर्वीचाच ठेवला, जुने रिमोटही चालतील म्हणून सांगितलं. तीही नवीच पिढी म्हणवली गेली.

एवढं वाचून झाल्यावर मी म्हटलं, आता हात घालूनच बघू. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज झाली होती. दुपारी सगळे लवंडले की मी दार लोटून टीव्हीसमोर बसायची. भाऊ शेजारी चिवड्याची वाटी घेऊन. यंत्राबरोबर फुकट येणारा ॲस्ट्रोज प्लेरूम हा खेळ त्यानं मला लावून दिला. तो मुळी या रिमोटची ओळख करून द्यायलाच बनवलेला आहे. खरं सांगते, पहिली दहा मिनिटं मी हरखून गेले. रिमोटवर फुंकर मारली की पडद्यावरचा पंखा फिरतो! पण मला हरखायचं नव्हतं, पारखायचं होतं.

यंत्राच्या सेटिंगमध्ये थरथर आणि चापाचा जोर कमी-जास्त करायची सोय आहे, पूर्ण बंदही करता येतं. मी भावाला म्हटलं, "तोच खेळ, तीच जागा. आता हे बंद कर." आणि मैत्रिणींनो, खेळ अळणी झाला. बाहुला तोच, चित्र तेच, पण तो वाळूवरून चालतोय की बर्फावरून याचं मला काही वाटेना. मग भावाच्या मोटारींच्या शर्यतीच्या खेळात पाहिलं. ग्रॅन टुरिस्मो ७ हा तो खेळ, २०२२ चा. त्यात ब्रेकचा चाप जास्त दाबला की तो बोटाखाली फडफडतो, म्हणजे चाक घसरायला आलं हे बोटाला आधी कळतं. तो बंद केल्यावर भावाची गाडी दोनदा गवतात गेली. त्यानंतर एक क्रिकेटचा खेळ लावला. त्यात थरथर बंद केली, चाप सैल केले, आणि पाच षटकं झाली तरी आम्हा दोघांपैकी कुणाला काही फरक जाणवला नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काही खेळांत हा रिमोट भाजीतल्या मिठासारखा आहे. दिसत नाही, पण नसला की पहिल्या घासाला कळतं. आणि बऱ्याच खेळांत तो वरून पेरलेल्या कोथिंबिरीसारखा. असली तर छान, नसली तर जेवण काही अडत नाही.

याचं कारणही भावानं सांगितलं ते पटण्यासारखं होतं. नवं यंत्र २०२० मध्ये आलं, तरी पुढली दोन-तीन वर्षं मोठमोठे खेळ जुन्या आणि नव्या दोन्ही यंत्रांसाठी निघत राहिले. तो ग्रॅन टुरिस्मोसुद्धा दोन्हींवर आला. जो खेळ जुन्या रिमोटवरही चालायलाच हवा, तो नव्या रिमोटवर अवलंबून कसा राहील? शिवाय इतर कंपन्यांचे खेळ एक्सबॉक्सवरही विकायचे असतात. सगळ्या पंगतीचा स्वयंपाक एकाच पातेल्यात करायचा म्हटलं की तिखट बेतानंच पडणार! या रिमोटला मध्यभागी ठेवून रचलेला ॲस्ट्रो बॉट हा मोठा खेळ २०२४ च्या सप्टेंबरात आला आणि त्या वर्षीचा 'गेम ऑफ द इयर'चा बहुमान त्यालाच मिळाला. यंत्र आल्यापासून जवळजवळ चार वर्षांनी! म्हणजे रिमोट आला तेव्हा पिढी आली नाही. त्याला शोभेलसं काम कुणीतरी मनापासून केलं, तेव्हा ती थोडीफार आली.

इथवर माझा हिशेब हाताचा होता. पण या चार दिवसांत मी आणखी एक पाहत होते, आणि खरं म्हणजे तेच मला जास्त लागलं.

रिमोट एकच होता. तो कुणाच्या हातात जायचा? मामानं लावून दिला की तो आपसूक मुलाच्या हाती. लेक शेजारी बसून "अरे, तिकडे उडी मार, तिकडे" असं सांगायची. तो हरला की तिला दहा मिनिटं. कुणी तसं ठरवलं नव्हतं, कुणी तिला नाही म्हटलं नव्हतं. आपल्या घरांत अशा गोष्टी न ठरवताच ठरतात.

मला माझं लहानपण आठवलं. साधारण १९९६ चा सुमार. तेव्हा वाशिम हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. आमच्याकडे कॅसेटवर चालणारा व्हिडिओ गेम आला होता, त्या फॅमिकॉमचीच स्वस्तातली नक्कल. मारिओ, कॉन्ट्रा आणि बदकं मारायची बंदूक. ती बंदूक जुन्या डब्ब्या टीव्हीच्या काचेवरच चालायची. पुढे चपटे टीव्ही आले आणि ती मुकी झाली, तो भाग वेगळा. तर त्या यंत्राला दोन रिमोट होते, पण सारखे नव्हते. एक नंबरच्या रिमोटला 'स्टार्ट'चं बटण होतं. दोन नंबरच्याला ते नव्हतंच! खेळ सुरू कधी करायचा, थांबवायचा कधी, हे एक नंबरवाल्यानं ठरवायचं. आणि एक नंबरचा रिमोट भावाचा हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि कॉन्ट्रात माझा हात त्याच्यापेक्षा बरा. तरी मी दोन नंबर. आईनं हाक मारली की तो स्टार्ट दाबून खेळ थांबवून जायचा. मला हाक आली की मी उठायची आणि खेळ चालूच राहायचा. माझा माणूस पडद्यावर नुसता उभा राहून मरायचा.

हे आठवून मी भावाला म्हटलं, तेव्हा तो मोठ्यानं हसला. म्हणाला, "ताई, आता तसं नाही. आता सगळे रिमोट सारखे. थांबवायचं बटण सगळ्यांना." खरंच की! यंत्र बनवणाऱ्यांनी रिमोटात कितीतरी नवलाई घातली, पण माझ्या लेखी मोठा बदल हाच, की दोन नंबरचा रिमोट राहिला नाही. तो कुठल्या साली झाला याची जाहिरात कुणी केली नसेल. फक्त अडचण अशी, की नव्या यंत्राच्या खोक्यात रिमोट एकच येतो. दुसरा हवा तर आणखी पाच-सहा हजार. आणि रिमोट एकच असला की आमच्या घरात तो कुणाकडे जातो हे मी चार दिवस पाहिलं होतं.

इथे माझा निर्णय झाला. नवा एक की जुने दोन? जुने दोन!

मी मुलांना समोर बसवून सगळा हिशेब मांडला, वर्गात मांडते तसा. नवा रिमोट खरंच चांगला आहे हे आधी कबूल केलं, कारण मुलांना पटवायचं तर त्यांचं खरं असेल ते खरं म्हणावं लागतं. मग विचारलं, "तुम्हाला जे खेळ खेळायचेत, त्यांतल्या कितींत ते मिठासारखं लागतं?" दोघांनी बोटं मोजली. दोन. मुलगा कुरकुरला. लेक थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दोन रिमोट म्हणजे एक माझा?" मी म्हटलं, "हो. तुझा."

भिशीचा इन्व्हर्टर आला. डिसेंबरात पुण्याहून पार्सल आलं. त्यातल्या रिमोटांना पुढच्या बाजूला दिवा लागतो. पहिल्या खेळाडूचा निळा, दुसऱ्याचा तांबडा. पहिल्याच दिवशी निळ्यावरून भांडण! मग मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं: सम तारखेला निळा लेकीचा, विषम तारखेला मुलाचा, शाळेच्या दिवशी पाऊण तास, रविवारी दीड. एकतीस तारखेनंतर एक तारीख येते, म्हणजे मुलाला लागोपाठ दोन दिवस, हे लेकीनंच मला दाखवून दिलं. तेव्हा एकतीस तारीख आजीची! सासूबाईंनी अजून आपला हक्क बजावलेला नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या जुन्या यंत्रावर लेकीला कुठला खेळ भावला माहीत आहे? 'राजी'. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीनं तो २०२० मध्ये काढला. कंपनीच्या संस्थापकांत श्रुती घोष ही चित्रकार बाई आहे. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघालेली एक मुलगी ही त्याची नायिका. गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू, मध्ये मध्ये बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ, आणि महाल-चौक राजस्थानी धाटणीचे. रिमोट साधाच घुर्रर्र करणारा. पण लेक त्यात अशी रमली, की मुलगा शेजारी बसून तिला सांगत होता, "ताई, तिकडे उडी मार, तिकडे." तिच्या चेहऱ्याकडे बघून मला तरी ते यंत्र जुन्या पिढीचं वाटलं नाही.

तुमच्याही घरी कधी ना कधी हा हट्ट येईल. आमच्या शाळेतली बहुतेक मुलं अजून मोबाइलवरच खेळतात. पण पुण्या-मुंबईचे मामा-काका दिवाळीला आले की ही यंत्रं गावोगाव पोचणार. तेव्हा चार गोष्टी लक्षात ठेवा. घेण्याआधी कुणाकडे तरी ते यंत्र मुलांना दोन-तीन दिवस हाताळू द्या. एका तासात सगळंच नवं वाटतं. मुलांना हव्या त्या खेळात नवी सोय बंद करून बघा. खेळ अळणी झाला तर पैसे वाजवी, नाही झाला तर कोथिंबिरीचे पैसे मिठाच्या भावानं मोजू नका. बोटं दुखणारं कुणी असेल तर चापाचा जोर कमी करता येतो हे विसरू नका. आणि रिमोट किती येतात ते आधी विचारा. घरात लेक असेल तर हे सगळ्यात आधी विचारा.

यंदाच्या उन्हाळ्यात वीज गेली तरी आमच्याकडे पंखा चालू होता. टीव्ही मात्र इन्व्हर्टरवर लावायचा नाही असा यांचा दंडक आहे. तेव्हा नवं काय नि जुनं काय, दोघं मुकाट्यानं सापशिडी काढून बसली. फासा एकच होता, पण आळीपाळीनं!